चिंचखारचा पत्ता

सरकारी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला ड्रायव्हर म्हणत नाहीत, पायलट म्हणतात. हा शब्द कोणी काढला देव जाणे, पण हरेश मढवीच्या गावाला तो आयताच सापडला. पनवेलच्या खाडीकाठी विमानतळ होणार म्हणून जी गावं उठली, त्यात हरेशचं चिंचखार होतं. गावातून कोणी विमान चालवायला गेलं नाही, जाणारही नव्हतं. मग लोक म्हणायचे, "आमचापन एक पायलट हाय, फक्त त्याचा इमान रस्त्यानं चालतंय." हरेश हसायचा. तोच माणूस दुसऱ्यांदा बोलला की हसणं थांबायचं, आणि तिसऱ्यांदा बोलायची हिंमत फारशी कोणी केली नाही.

कारण हरेशचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं. कबड्डीत त्याने धरलेला गडी सुटून गेल्याचं कोणाला आठवत नाही. मैदानाबाहेर धरलेल्यांचं तर विचारूच नका. अजून मिसरूड नीट फुटलं नव्हतं तेव्हा देवीच्या जत्रेत त्याने दीनानाथ गावंडच्या जबड्यावर असा ठोसा हाणला होता की दीनानाथचं तोंड तेव्हापासून एका बाजूला झुकलं ते झुकलंच. आजही तो बोलायला लागला की शब्द आधी डावीकडे जातात आणि मग बाहेर पडतात. दोन्ही घरांत त्यानंतर लग्नं झाली, बारशी झाली, मयतं झाली, पण गावंडांच्या दारात हरेशने कधी पाणी प्यायलं नाही.

बाप काशीराम मिठागरात राबायचा. एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि तो मिठाच्या ढिगावरच बसला. त्या काळी गावात गाडी म्हणजे एका माणसाची सहा आसनी रिक्षा. त्या बिचाऱ्याने पैशाचं नावही न काढता काशीरामला आत घातलं, खड्ड्याखड्ड्यांतून रिक्षा पिटाळली, आणि दवाखान्याचं फाटक समोर दिसत असताना काशीराम संपला. हरेश खाली उतरला आणि त्याने रिक्षावाल्याला तुडवलं. ज्याने फुकट गाडी दिली त्यालाच! लोकांनी सोडवलं नसतं तर एका तिरडीच्या दोन तिरड्या झाल्या असत्या. आपल्याकडे ही एक जुनी खोड आहे. मरण मारायला हाताशी सापडत नाही, मग जो सापडेल त्याला मारायचं. रिक्षावाला सापडतो, नर्स सापडते, अपघात विभागात रात्रंदिवस उभा असलेला शिकाऊ डॉक्टर सापडतो. सरकारने त्यासाठी कायदाही केला आहे, पण हात उगारताना कायदा आठवला तर तो राग कसला?

पुढे विमानतळाचं काम सुरू झालं आणि हरेश डंपरवर लागला. टेकडी फोडायची, तिची माती आणून खाली गावांच्या शेतात ओतायची आणि जमीन उंच करायची, हे ते काम. एक दिवस त्याच्या खेपा चिंचखारावर आल्या. स्वतःच्या घराच्या जोत्यावर त्याने स्वतः डंपर पालथा केला. त्या संध्याकाळी तो इतका प्यायला की बायकोने, रंभाने, त्याला ओसरीवरच झोपू दिलं. सकाळी चहा पुढे ठेवून ती एवढंच म्हणाली, "मानसांवर माती टाकतंस त्यापेक्षा मानसं उचल. सरकारी गाडीला पायलट पायजेत म्हनं."

तिचं ऐकायला त्याला वर्ष लागलं, पण ऐकलं.

आणि खरं सांगायचं तर ही गाडी आल्यापासून या भागाची तऱ्हा बदलली. फोन फिरवला की गाडी येते, पैसा पडत नाही, आत डॉक्टर असतो, प्राणवायू असतो, आणि पुढे सरकारी रुग्णालयात माणसं वाट बघत उभी असतात. पूर्वी चिंचखारात बाई अडली की घरातले आधी देवीला गाऱ्हाणं घालायचे. आता आधी फोन करतात आणि गाडी येईपर्यंत गाऱ्हाणं घालतात. हरेशच्या गाडीत इतकी पोरं जन्मली की रस्त्यात एखादी बाई पोराला पुढे ढकलून म्हणायची, "पाया पड रे, तुजा पायलट मामा." तेवढ्यापुरता हरेशचा चेहरा विरघळायचा.

बाकी दिवस मात्र रक्तामांसाचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलरवरून पत्र्याचं भेंडोळं सुटलं आणि खाली उभ्या हमालाचं कमरेखालचं काही ओळखू येईना, त्याला हरेशने उचललं. द्रुतगती मार्गावर चेपलेल्या गाडीतून आईला काढताना तिचा पाय आतच राहिला, तो त्याने नंतर चादरीत गुंडाळून आणला. बाटली फोडून अंगावर धावलेले दारुडे झाले, "आमचा मानूस मेला कसा?" म्हणत काचा फोडणारे नातेवाईक झाले. एकदा एका ट्रेलरवाल्याने सायरन ऐकूनही वाट दिली नाही, तर हरेशने पेशंटला रुग्णालयात उतरवल्यावर परत जाऊन त्याला टपरीवर गाठलं आणि दात पाडले. महिनाभर त्याला गाडीवरून उतरवलं होतं. परत घेतलं ते डॉक्टर मोरानने शब्द टाकला म्हणून.

मोरान आष्टमकर त्याच्या गाडीवरची डॉक्टर. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली घरातली. आईबाप, भाऊ, मामे सगळे इस्रायलला निघून गेले, ही एकटी इथे. हरेश चिडवायचा, "मॅडम, तुमची सगली मानसं इमानात बसून गेली आन् तुमी माज्या इमानात अडकल्या." ती म्हणायची, "तिकडे तुमच्यासारखा पायलट नाही ना मिळत." आणि ट्रेलरवाल्याच्या प्रकरणानंतर तिने त्याला शांतपणे सांगितलं होतं, "हरेशदादा, तुमचे हात स्टिअरिंगवर ठेवा. मारामारी करणारे खूप आहेत, गाडी चालवणारे तुम्ही एकच आहात." त्यानंतर त्याने हात आवरला. कोणी कानाखाली मारली तरी तो दात खाऊन गाडीत बसायचा.

आता पत्त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या पत्त्यावरून झालं.

चिंचखार उठलं आणि करंजाड्याच्या अंगाला सरकारने आखलेल्या भूखंडांवर नव्याने बसलं. नव्या जागेला सेक्टरचा आकडा आहे, पाटी आहे, पण गावच्या कोणाच्या तोंडात तो आकडा बसला नाही. सगळे म्हणतात चिंचखार. फोनवरही चिंचखारच सांगतात. आणि गाडीतल्या मोबाइलवरच्या नकाशात मात्र चिंचखार अजून जुन्या जागी, म्हणजे गावाची जी कड भरावातून सुटून विमानतळाच्या भिंतीबाहेर खाडीकडे राहिली तिथे. सुरुवातीला एक गाडी तशीच भिंतीपाशी जाऊन उभी राहिली होती आणि इकडे सेक्टरात एक म्हातारा तडफडत होता. तेव्हापासून हरेशने नियम केला. चिंचखारचा फोन आला की नकाशा उलटा ठेवायचा आणि सरळ सेक्टरात शिरायचं. दरवेळी तो बरोबर ठरला. दुसरे पायलटही त्याला विचारायला लागले. त्याला त्याचा ताठा होता, आणि तो ताठा लपवतही नसे. म्हणायचा, "या भागाचा नकाशा माज्या डोक्यात हाय."

गाव हललं त्याबरोबर देवीच्या पालखीचा मानही हलला. चिंचखारात घराणी दोनच, गावंड आणि मढवी. जुन्या गावात पालखी देवळातून निघाली की पहिली थांबायची गावंडांच्या दारात, कारण आळीच्या तोंडाशी त्यांचं घर. नव्या जागी भूखंड सोडतीने मिळाले आणि देवळाच्या शेजारचा पहिला भूखंड निघाला मढव्यांच्या नावाने. मढवी म्हणाले, पालखी पहिल्या दारात थांबते, हीच रीत. गावंड म्हणाले, पालखी गावंडांच्या दारात थांबते, हीच रीत. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे दरवर्षी डोकी फुटत होती. देवी बिचारी मध्ये उभी, आणि तिच्या पालखीचे दांडे काढून हेच एकमेकांना बडवतायत. दोन वर्षांपूर्वी हरेशने स्वतः सहा जणांना टाके घालायला नेलं, त्यात तीन त्याचे सख्खे चुलते होते. त्या दिवशी त्याने शपथ घेतली की या पालखीचं तोंड बघणार नाही.

यंदा गावच्या जाणत्यांनी तोड काढली. जुन्या जागी, भिंतीबाहेर खारफुटीच्या कडेला, देवीचा मूळ दगड अजून होता. पालखी तिथून उचलायची. तिथे कोणाचंच दार नाही, तेव्हा भांडणही नाही. बेत चांगला होता. रंभाने त्या दिवशी सकाळी डबा भरताना सांगायला तोंड उघडलं, "औंदा पालकी..."

"पालकीचं नाव काडू नको," हरेश ओरडला. तिने डब्याचं झाकण लावलं, आणि तो कामावर गेला.

दुपारचं जेवण व्हायच्या आधी फोन आला. चिंचखार, देवीजवळ. कोयत्याचा वार, मांडीवर, रक्त थांबत नाही. फोन करणारी बाई रडत होती, तिने एवढंच सांगितलं आणि पुढे नुसता आरडाओरडा ऐकू आला.

"झाली यांची पूजा सुरू," हरेश म्हणाला आणि त्याने गाडी काढली.

मोरानने मोबाइल पाहिला. "हरेशदादा, हे भिंतीजवळ दाखवतंय. खाडीकडे."

"मॅडम, ते नेहमीच दाखवतंय. तिकडं आता कुत्रंपन फिरकत नाय."

"देवीजवळ म्हणाली ती."

"देवीचं देऊल सेक्टरात हाय. मीच वर्गणी दिलीय."

तिने मोबाइल उलटा ठेवला. गाडी सेक्टरात शिरली. कोपऱ्यावर तोरण होतं, रस्त्यावर रांगोळी होती, आणि माणूस नव्हतं. देवळाला बाहेरून कडी. पायरीवर एकटी म्हातारी भामाआजी पाय पसरून बसलेली. हरेशने काच खाली केली. "आजी, कोनाला लागलंय? कुटं हायत सगली?"

"सगली जुन्या गावात गेली रं, पालकी उचलायला. माज्यानं चालवत नाय म्हनून मी राहिली."

हरेशने गाडी अशी वळवली की मागे मोरान आणि औषधांची पेटी दोन्ही दारावर आदळली. तिथून जुन्या गावाला जायचं म्हणजे विमानतळाला पूर्ण वळसा. तो सिमेंटच्या मिक्सरच्या आणि कठड्याच्या मधून घुसला, आरसा तुटला, एक मोटारसायकलवाला घाबरून नाल्यात गेला. तो सारखा एकच बडबडत होता, "येतंय, येतंय, थांब." कोण थांबणार होतं, ते त्याला अजून माहीत नव्हतं.

भिंतीला लागून कच्च्या वाटेने गाडी आत गेली तेव्हा त्याला आधी पालखी दिसली. चिखलात उलटी पडलेली. एक दांडा मोडलेला. नारळ, हळदकुंकू, चपला, आणि माणसांचा गोल. बाजूला त्याचा चुलतभाऊ बाळू मढवी गुडघ्यांवर होता आणि चौघे गावंड त्याच्या तोंडावर लाथा घालत होते; बाकीचे मढवी रक्त बघताच पळाले होते. नारळ फोडायला आणलेला कोयता बाळूनेच चालवला होता. दांड्याला पहिला खांदा कोणी लावायचा यावरून. दार नाही म्हटल्यावर यांनी खांदा शोधून काढला होता.

गोलाच्या मध्ये दीनानाथचा मुलगा भावेश. मागच्याच वर्षी लग्न झालेला. त्याची बायको दिपिका दोन्ही हातांनी त्याची मांडी दाबून बसली होती, आणि तिच्या बोटांमधून रक्त येतच होतं.

"कोन हाय गाडीवर?" कोणीतरी ओरडलं.

"मढवी हाय! हरेश हाय!"

दीनानाथ वळला. "भावानं मारला आन् ह्यो मुद्दाम उशिरा आला! मराया सोडला माज्या पोराला!"

पहिला दगड समोरच्या काचेवर बसला. दुसऱ्याने ती आत आली. हरेशला दार उघडायचं कामच पडलं नाही. त्यांनीच उघडलं, त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं आणि खाली पाडलं. बरगडीत लाथ बसली, डोळ्यावर बसली, तोंडात माती आणि दात दोन्ही आले. ज्यांच्या बायका त्याने बाळंतपणाला नेल्या होत्या ते पाय त्याला ओळखू येत होते. मोरान मागच्या दाराने पेटी घेऊन उतरली, तर एकाने तिच्या हातावर काठी मारली. ती ओरडली, "मला मारा, पण आधी त्याला हात लावू द्या!" आणि गर्दीत डोकं खालून घालून भावेशपाशी पोचली. तिने स्वतःचा गुडघा त्याच्या जांघेत रोवला आणि सगळं वजन टाकलं. "स्ट्रेचर! हरेशदादा, स्ट्रेचर!"

हरेशच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. समोर दीनानाथचा जबडा होता, जुना ओळखीचा. एक ठोसा, आणि वाट मोकळी झाली असती. त्याने तो मारला नाही. तो रांगत गाडीच्या मागे गेला, स्ट्रेचर ओढलं, आणि पाठीवर काठ्या पडत असताना ते गर्दीतून ढकलत नेलं. तो भावेशला काखेत हात घालून उचलत होता तेवढ्यात दीनानाथने पालखीचा मोडका दांडा फिरवला. दांडा हरेशच्या डाव्या दंडावर बसला आणि हाडाचा आवाज मोरानलाही ऐकू आला. हरेशने उजव्या हाताने आणि दातांनी भावेशचा सदरा धरून ठेवला, सोडला नाही.

आत दिपिका चढली, भावेशची आई सोनाबाई चढली. गाडी सुटली तरी मागून दगड येत होते.

एका हाताने, पुढे काच नसलेली गाडी चालवायची. वारा सरळ डोळ्यांत, एक डोळा बंदच. मागून मोरानचा आवाज येत होता, ती रुग्णालयाला फोनवर सांगत होती, रक्त तयार ठेवा, शस्त्रक्रियेचं टेबल तयार ठेवा. मध्येच भावेशचा आवाज आला, अगदी रोजचा, "दादा, जरा जोरात घे ना." हरेशने जोरात घेतली. पुढच्या वळणाला त्याने पुन्हा आवाज येतोय का म्हणून कान दिला. सोनाबाईचा जप तेवढा ऐकू येत होता.

रुग्णालयाच्या दारात माणसं खरंच उभी होती. त्यांनी भावेशला घेतलं आणि पळाले. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं, त्यात कोणी कमी पडलं नाही. पण अंगातलं रक्त आधीच खारफुटीच्या चिखलात सांडून गेलं होतं. शस्त्रक्रियेच्या दारातून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. आणखी थोडा आधी आला असता तर, असं ते म्हणाले. डॉक्टर लोक ही वाक्यं का बोलतात कळत नाही. ऐकणाऱ्याच्या उरात ती जन्मभर रुतून बसतात.

तोवर गावंडांची सगळी माणसं येऊन व्हरांड्यात भरली होती. पोलीस आले. हरेश बाकावर बसला होता, डावा हात गळ्यात अडकवलेला, ओठ शिवलेला. फौजदार त्याच्यापाशी आला, नियंत्रण कक्षाशी बोलला, आणि मग गर्दीकडे वळून चढ्या आवाजात म्हणाला, "ड्रायव्हरला मारलंत ना? आता तुम्हाला दाखवतो कायदा काय असतो तो. चूक तुमच्या माणसाची. फोनवर नुसतं चिंचखार सांगितलं, म्हणून गाडी भलतीकडे गेली. जुनं की नवं, एवढं सांगता येत नाही तुम्हाला?"

त्याने ते हरेशच्या बाजूनेच म्हटलं होतं. या भागात सगळ्यांना माहीत होतं की चिंचखार म्हटलं की घोटाळा होतो, त्यामुळे कोणी प्रश्न विचारला नाही. दीनानाथचा हातसुद्धा खाली आला. मढव्याने मुद्दाम केलं नव्हतं तर. सगळ्यांची डोकी हळूहळू दिपिकाकडे वळली.

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. हातावरचं रक्त वाळून कोपरापर्यंत काळं झालं होतं. "फोन मी केला," ती म्हणाली. "मी चिंचखार बोलली. जुना का नवा ते बोलली नाय."

सोनाबाई तिच्याजवळ गेली. आपल्याला वाटलं जवळ घेईल. तिने सुनेचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. "तू मारलास माज्या पोराला! पांढऱ्या पायाची! तुज्या तोंडानं मारलास!" दुसऱ्यांदा आपटलं. दिपिकाने हात वर केला नाही. ती नुसती म्हणत होती, "व्हय आये, मीच. मीच." बायका बघत होत्या, पुरुष बघत होते, आणि कोणी सोडवायला पुढे झालं नाही, कारण आता सगळ्यांना मारायला माणूस सापडलं होतं.

मोरान भिंतीपाशी उभी होती, हाताला पट्टी बांधून. तिने हरेशकडे पाहिलं. गाडीत काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच माहीत होतं. ती बोलली असती तर कदाचित त्याचं काम सोपं झालं असतं, पण ती बोलली नाही. तिने फक्त पाहिलं.

हरेशला सगळं दिसत होतं. गप्प बसलं तर हात बरा होईल, नोकरी राहील, गावात उलट मान वाढेल. मार खाऊनही पोराला घेऊन पळाला म्हणतील. बोललं तर ही तीच माणसं, तोच व्हरांडा, आणि मध्ये फौजदार आणि त्याचा एक शिपाई. त्याला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मार खायची खरी भीती वाटली, कारण यावेळी तो मार बरोबर असणार होता. आणि भीतीपेक्षा जास्त त्याला स्वतःची किळस आली.

तो उठला. "काकी, सोड तिला."

सोनाबाईने ऐकलं नाही. हरेशने उजव्या हाताने तिचं मनगट धरून केस सोडवले आणि दोघींच्या मध्ये उभा राहिला.

"ती बरोबर बोलली," तो म्हणाला. ओठाचे टाके ओढले जात होते. "चिंचखार बोलली, देवीजवळ बोलली. फोनात जुनी जागा दाखवत व्हती. मॅडमनी मला सांगितलं. मी ऐकलं नाय. मला वाटलं मला ठावं हाय. मी सेक्टरात गेलो. तिनं पत्ता बरोबर दिला व्हता."

फौजदार म्हणाला, "मढवी, खाली बसा, तुम्हाला लागलंय." दीनानाथ एक पाऊल पुढे आला. त्याच्या मागे बाकीचे. हरेश हलला नाही. दीनानाथचा हात वर गेला, आणि तो तिथेच थांबला, कारण दिपिका उठली होती.

ती भिंत धरून उठली. कपाळावरून रक्त भुवईत उतरत होतं. तिने हरेशच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं.

"मी काय बोलली व्हती?"

"चिंचखार."

तिने मूठ त्याच्या छातीवर हाणली, मोडलेल्या दंडाच्याच बाजूला. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"परत बोल. सगल्यांना आयकू जाऊ दे."

"चिंचखार. देवीजवळ."

तिने पुन्हा हाणली. शिपाई तिला धरायला पुढे झाला, तर हरेशने चांगला हात मागे करून त्याला थांबवलं. सोनाबाई जमिनीवर बसून ऐकत होती. दीनानाथने वर गेलेला हात तोंडावर धरला होता.

"परत."

"चिंचखार," हरेश म्हणाला. ती मारत राहिली, आणि तो पत्ता सांगत राहिला.